दिवसभराची आयलंड हॉपिंग बोट: घ्यावी का, आणि काय बघून घ्यावी?

प्रश्न असा आलाय: चौघांचं कुटुंब, नवरा-बायको, ९ वर्षांची मुलगी आणि ६६ वर्षांच्या सासूबाई, त्यांना पाठीचा त्रास आहे आणि बीपीची गोळी चालू आहे. सुट्टीत दिवसभराची बोट घ्यायचीय, सकाळी ८ ते संध्याकाळी ५, चार बेटं, दोन ठिकाणी समुद्रात पोहणं, मधे जेवण. विचारणाऱ्या ताईंना पोहता येत नाही आणि बोट लागते. मुलगी स्विमिंग क्लासला जाते. आणि शेवटी एक ओळ, "मिस्टरांची काळजी नाही, ते पूलमध्ये आरामात चाळीस राउंड मारतात."

ताई, आधी सरळ उत्तर देते. जा, नक्की जा, असा दिवस मुलीच्या लक्षात राहतो. फक्त चार बेटांची नका घेऊ, दोनची बघा, आणि स्पीडबोट नको. का ते खाली सांगते, लांबेल जरा, पण हे सगळं बोटीवर उभं राहून शिकलेय, त्यामुळे त्यातलं काही गाळावंसं वाटत नाही. मी सोळा वर्षं अशाच डे ट्रिपच्या बोटींवर काम केलंय, आधी पाण्यात लाइफगार्ड म्हणून आणि नंतर बोटीवरच्या सगळ्या गेस्टची जबाबदारी घेऊन.

आणि म्हणूनच तुमच्या शेवटच्या ओळीवर मी अडले. तुमच्या चौघांत मला सगळ्यात जास्त काळजी मिस्टरांचीच वाटतेय.

बघा, ज्याला पोहता येत नाही तो मुकाट लाइफ जॅकेट घालतो, शिडीजवळची दोरी सोडत नाही, आणि क्रूचे दोन डोळे कायम त्याच्यावर असतात. पूलमध्ये पोहणारा माणूस जॅकेट नको म्हणतो, पहिली उडी तोच मारतो, सगळ्यात लांब तोच जातो, आणि घरचे निवांत फोटो काढत असतात कारण "त्याला येतं". पूलमध्ये दर पंचवीस मीटरला भिंत असते हो. हात टेकतो, नकळत एक श्वास जास्तीचा मिळतो, तळ दिसत असतो, पाणी जागचं हलत नसतं. समुद्रात यातलं काहीच नसतं आणि वर प्रवाह असतो.

प्रवाहाचं गणित साधं आहे आणि ते मिस्टरांना आवर्जून दाखवा. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला साधारण ३० मीटर. ऐकायला काहीच नाही, सावकाश चालण्याइतकंसुद्धा नाही. पण आरामात राउंड मारणारा माणूस मिनिटाला तीस-चाळीस मीटरच जातो, म्हणजे एक नॉटच्या प्रवाहाविरुद्ध त्याची सगळी ताकद जवळजवळ जागच्या जागी राहण्यात संपते. दोन नॉट असेल तर तो जोर लावून पोहतोय आणि तरी मागे चाललाय. आणि दोन बेटांच्या मधल्या चिंचोळ्या भागात, खडकाच्या टोकाशी, असा प्रवाह अगदी नेहमीची गोष्ट आहे, कारण भरती-ओहोटीचं सगळं पाणी तिथूनच जायला बघतं.

एकदा एक गृहस्थ होते, पंचेचाळिशीचे असतील, तब्येत उत्तम. बोटीच्या मागच्या बाजूने उतरले आणि प्रवाहाबरोबर मस्त खडकापर्यंत गेले, जाताना वाटतं की आज आपण काय भारी पोहतोय. परत फिरले तेव्हा खेळ उलटा झाला. मी त्यांच्याकडे बघत होते, आधी हात व्यवस्थित पडत होते, मग डोकं दर वेळी थोडं जास्त वर यायला लागलं, मग अंगच उभं झालं पाण्यात. ओले केस डोळ्यांवर आलेले आणि ते बाजूला करायला हात उचलत नाहीयेत, हे मला दिसलं. तोंड पाण्याच्या रेषेला, बुडतंय, वर येतंय. बोटीवर त्यांची बायको उभी होती, ती म्हणाली, "आराम करतायत बहुतेक." रिंग टाकली, त्यांनी ती छातीशी अशी आवळून धरली की वर घेतल्यावर सोडवायला दोन माणसं लागली. एकही हाक मारली नव्हती त्यांनी.

हाक मारतच नाहीत. अमेरिकन लाइफगार्ड फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्या माणसांचं निरीक्षण करून हे मांडलंय. ओरडायला आधी श्वास लागतो आणि तोच पुरत नसतो, हात वर करून हलवता येत नाहीत कारण शरीर आपोआप ते हात बाजूला पसरून पाणी खाली दाबायला लागतं, पाय मारले जात नाहीत, माणूस उभा असतो. आणि हे सगळं २० ते ६० सेकंद चालतं, बस. म्हणून बोटीवर बसलेल्यांनी आरडाओरडा ऐकू यायची वाट बघू नये. शांत झालेला माणूस बघावा. "ठीक आहे ना?" असं जोरात विचारा, उत्तर आलं तर ठीक, नुसतंच बघत राहिला तर क्रूला सांगा, लगेच.

मग करायचं काय? पाण्यात उतरण्याआधी दोन मिनिटं बोटीच्या मागे उभं राहून पाणी बघायचं. नांगरलेली बोट एका जागी असते, त्यामुळे तिच्या कडेने फेस, पानं, काटक्या कुठल्या दिशेला आणि किती वेगाने जातायत ते स्वच्छ दिसतं. चांगला क्रू मागे एक लांब दोरी सोडतो, टोकाला फ्लोट बांधलेला असतो, ती दोरी ताणून सरळ झाली असेल तर प्रवाह जोरात आहे, सैल पडून वळलीय तर ठीक. आणि सुरुवात नेहमी प्रवाहाच्या विरुद्ध करायची, म्हणजे दमल्यावर पाणीच तुम्हाला बोटीकडे आणतं. उलट केलं तर वर सांगितलेल्या गृहस्थांसारखं होतं. आणि चुकून वाहून जायला लागलोच तर बोटीकडे पोहायचा हट्ट सोडायचा, पाठीवर पडायचं, एक हात सरळ वर धरून ठेवायचा आणि वाट बघायची. बोटीला इंजिन आहे, तुम्हाला नाही. हे वाक्य मी ब्रीफिंगमध्ये रोज म्हणायचे.

मिस्टरांना जॅकेट नकोच असेल तर निदान कमरेचा फ्लोट बेल्ट किंवा मागे ओढायचा छोटा फ्लोट घ्यायला सांगा. समुद्रात रोज काम करणारी आम्ही माणसंसुद्धा फ्लोट घेऊन उतरतो, त्यात कमीपणा काही नाही.

तारीख ठरवताना जमलं तर तिथीही बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, म्हणून प्रवाहही जोरात. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा सगळं मवाळ असतं. जगातल्या बहुतेक किनाऱ्यांवर भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास जातात, आणि पाणी सगळ्यात जोरात धावतं ते या वेळाच्या मधल्या दोन तासांत. चांगला कॅप्टन स्विमिंग स्टॉप भरती किंवा ओहोटी संपून पाणी थबकतं त्या वेळेला बसवतो. म्हणून "तुमचा बेटांचा क्रम रोज तोच असतो का?" असा प्रश्न बुकिंगला विचारा. "नाही हो, पाण्यावर अवलंबून असतं, बदलतो" असं उत्तर आलं तर ती बोट मला आवडेल. रोज तोच क्रम, घड्याळ लावून, हे मला आवडत नाही.

आता बेटं किती हा मुद्दा. सकाळी ८ ते ५ म्हणजे नऊ तास वाटतात, पण त्यातून पिकअप, जेट्टीवरची यादी, ब्रीफिंग, जाण्या-येण्याचा प्रवास, जेवण काढा. चार बेटं असतील तर एकेका ठिकाणी चाळीस-पन्नास मिनिटं मिळतात, त्यातली पंधरा मास्क आणि फिन्स, म्हणजे पायात घालायचे पंखे, चढवण्यात, दहा शिडीच्या रांगेत. मग घाई होते, आणि समुद्रात पाय घसरण्यापासून माणूस मागे राहण्यापर्यंत जे जे चुकतं ते घाईत चुकतं. शिवाय जाहिरातीत नाव असलेल्या ठिकाणी पोहता येईलच असं नसतं. थायलंडची माया बे घ्या, गर्दीने प्रवाळ मेलं म्हणून २०१८ मध्ये बंद केली, २०२२ मध्ये उघडली ती नवीन नियमांनी, बोटी मागच्या बाजूला लागतात आणि समोरच्या पाण्यात पोहायला मनाई. तिथे जाऊन लोक रुसतात. म्हणून प्रत्येक थांब्याबद्दल वेगळं विचारा: इथे उतरून पोहणार, नुसतं किनाऱ्यावर फिरणार, की बोटीतून बघून पुढे जाणार?

स्पीडबोट का नको ते सासूबाईंच्या पाठीसाठी. वेगात जाणारी बोट लाटेवरून सुटते आणि पुढचा भाग धाडकन आपटतो, तो दणका थेट मणक्यात जातो. पुढच्या सीटवर बसलेल्या प्रवाशांचे मणके फ्रॅक्चर झाल्याच्या घटना ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने नोंदवलेल्या आहेत, त्यामुळे हे मी उगाच घाबरवायला सांगत नाहीये. गरोदर बायकांना बरेच जण स्पीडबोटीवर घेतच नाहीत ते याचसाठी. तुम्हाला मोठी, संथ बोट बघायला हवी, नाहीतर रुंद कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची जोडबोट, जिच्यात सावली आहे, टॉयलेट आहे आणि पाण्यापर्यंत नीट उतरणारी शिडी आहे. लांबची बेटं तिला जमणार नाहीत, जाऊ दे. स्पीडबोटच घ्यावी लागली तर सासूबाईंना मागच्या बाजूला, मधल्या सीटवर बसवा आणि त्यांना पुढे धरायला काहीतरी असू दे.

शिडी. यावर मी फार बोलते असं माझ्या क्रूतले म्हणायचे, पण पाण्यात उतरण्याआधी परत वर कसं चढायचं हे बघितलं नसेल तर उतरूच नये असं माझं मत आहे. शिडीच्या निदान दोन-तीन पायऱ्या पाण्याखाली हव्यात. एकच पायरी पाण्याला टेकलेली असेल तर दमलेल्या माणसाला गुडघा छातीपर्यंत उचलावा लागतो, आणि तो उचलला जात नाही. लाटेवर बोट वर जाते तशी शिडीही वर जाते आणि खाली येताना आपटते, म्हणून तिच्याखाली कधी डोकं न्यायचं नाही, बाजूने यायचं, ती खाली आली की दोन्ही हातांनी धरायची आणि तिच्या वर जाण्याबरोबर आपण वर जायचं. फिन्स घालून चढायचं नाही. एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने एक फिन काढायची, वर क्रूच्या हातात द्यायची, मग दुसरी. शिडी सोडून फिन काढायला गेलात की वाहून गेलात, आणि आता पायात काहीच नाही. इंजिन पूर्ण बंद झाल्याशिवाय मागच्या बाजूला जायचं नाही, "न्यूट्रलवर आहे" हे उत्तर चालत नाही, बंद म्हणजे बंद.

जॅकेटचं मुलीच्या बाबतीत नीट बघा. सगळी जॅकेट एकसारखी नसतात, त्यांची तरंगवायची ताकद न्यूटनमध्ये मोजतात, ५० न्यूटनचं असतं ते पोहता येणाऱ्याला तरंगायला मदत करतं, बेशुद्ध माणसाचं तोंड वर करायला ते नसतं, त्यासाठी १०० किंवा त्यावरचं लागतं. आकडा आतल्या लेबलवर छापलेला असतो. मोठ्यांचं जॅकेट पट्टे आवळून मुलांना घालतात ते मला अजिबात पटत नाही. घातल्यावर मुलीला उभी करा आणि दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढा, हनुवटीच्या वर, कानापर्यंत गेलं तर ते पाण्यात तसंच वर जाईल आणि ती आतून खाली सरकेल. पायांमधून जाणारा पट्टा असेल तो लावाच. आणि क्लासला जाते म्हणून तिला बाबांबरोबर लांब पाठवू नका. नऊ वर्षांचं मूल पाण्यात फार पटकन गार पडतं आणि सांगत नाही, कारण त्याला अजून खेळायचं असतं. ओठ निळसर दिसले किंवा हनुवटी थरथरायला लागली की बाहेर, कोरडा टॉवेल, वाऱ्याच्या आड.

स्नॉर्केल, म्हणजे पाण्यात तोंड खाली ठेवून श्वास घ्यायची नळी, तुम्ही चौघंही मागाल, दिलं जाईलच, पण ते वाटतं तितकं सोपं नाही. अमेरिकेच्या हवाई बेटांवर पर्यटकांच्या बुडून मरण्याच्या घटनांत स्नॉर्केलिंग हे सगळ्यात वरचं कारण आहे, आणि त्यात पन्नाशीच्या पुढची माणसं बरीच. पाण्यात शिरल्यावर अंगातलं रक्त छातीकडे ढकललं जातं, नळीतून श्वास ओढायला जोर लागतो, वर थोडी भीती, हे सगळं हृदयावर एकदम येतं. सासूबाईंना म्हणून त्यांच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय स्नॉर्केल देऊ नका, आणि बुकिंगच्या फॉर्मवर बीपीची गोळी लिहा, लपवू नका. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये अशा माणसांना आधी ओळखून, तरंगायचं साधन देऊन, जोडीने पाण्यात सोडायची पद्धत आहे. फार चांगली पद्धत आहे ती. पण त्यांचा दिवस फुकट नाही जात हां. बऱ्याच बोटींना मागे पाण्यालगत प्लॅटफॉर्म असतो, तिथे बसून पाय पाण्यात सोडले की मासे पायाशी येतात, आणि बेटावर उतरल्यावर कमरेइतक्या पाण्यात त्या निवांत बसू शकतात.

तुम्ही स्वतः आधी उथळ पाण्यात उभं राहून शिका, म्हणून पहिला थांबा किनाऱ्याचा असलेली ट्रिप तुमच्यासाठी बरी. मास्क पट्टा न लावता नुसता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हवा आत ओढा, चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा, पडला तर दुसरा मागा. केसांची एक बट आत राहिली तरी पाणी येतं. मिस्टरांना मिशा असतील तर त्यांच्यातूनही थोडं येईल. आतून थुंकी लावून हलकं विसळलं की काचेवर वाफ धरत नाही, किळस वाटू देऊ नका, आम्ही सगळे तेच करतो. नळीत पाणी गेलं तर ओढायचं नाही, "फू!" करून एका दमात जोरात फुंकायचं, ते वरून उडून जातं. हे दहा वेळा उभ्याने करा मग तरंगा. घाबरलात तर पाठीवर पलटी, नळी तोंडातून बाहेर, आकाशाकडे बघत श्वास. अख्खा चेहरा झाकणारे मास्क दिसायला सोपे वाटतात, मी देत नव्हते कोणाला, कारण घाबरल्यावर नळी थुंकून टाकता येते, तो मास्क डोक्यामागून पट्टा सोडवल्याशिवाय निघत नाही.

प्रवाळावर उभं राहायचं नाही, कितीही दमलात तरी. मोठे गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते दोन सेंटिमीटर वाढतात, तुमच्या एका पायाखाली कितीतरी वर्षांची वाढ मोडते, आणि पाय कापतो तो वेगळाच, ती जखम लवकर भरत नाही. दमलात तर जॅकेट आहे, पाठीवर पडा. बोट नांगर कुठे टाकते तेही बघा, प्रवाळावर नांगर टाकणाऱ्यांपेक्षा मुरिंग बॉयला, म्हणजे बोट बांधायला कायमच्या ठेवलेल्या तरंगत्या गोळ्याला, दोरी बांधणारे मला केव्हाही जवळचे.

परत निघताना हजेरी. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. १९९८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर डायव्हिंगला आलेलं एक अमेरिकन जोडपं पाण्यात असताना बोट निघून गेली, मोजणीत चूक झाली होती, आणि दोघं राहिलेत हे कळलं दोन दिवसांनी. ते सापडले नाहीत. म्हणून डोकी मोजून भागत नाही, नावं घेऊन, माणसाने स्वतः "आहे" म्हणायला हवं, शेजाऱ्याने "तो टॉयलेटमध्ये आहे" म्हटलेलं चालणार नाही. तुमच्या बोटीवर क्रू नुसता हाताचं बोट फिरवून मोजताना दिसला तर तुमच्यापुरतं तुम्ही मोजा, चौघं समोर दिसल्याशिवाय इंजिन सुरू करू देऊ नका. कोणी तोंड वाकडं केलं तर करू द्या.

आता तुमचं बोट लागणं. हे डोळे आणि आतला कान यांचं भांडण असतं, कान म्हणतो हलतोय, डोळ्यांना समोरचा बाक स्थिर दिसतो. म्हणून क्षितिजाकडे बघायचं, मोबाइल नाही, पुस्तक नाही, आणि मळमळलं की खाली केबिनमध्ये किंवा टॉयलेटमध्ये तर मुळीच जायचं नाही, तिथे ते दुपटीने वाढतं. जागा बोटीच्या मध्याला, थोडी मागे, खालच्या डेकवर, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. मेक्लिझिन किंवा डायमेनहायड्रिनेटसारखी गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या तासभर आधी घ्या. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी बहुतेक वेळा उलटीतच जाते. त्या गोळ्यांनी झोप येते, म्हणून गोळी घेऊन खोल पाण्यात उतरू नका आणि तिच्यावर बिअर अजिबात नको. उपाशी पोटी निघणं हाही चुकीचा समज, थोडं कोरडं खाऊन निघा, तेलकट नको. उलटी आलीच तर वारा पाठीवर येईल त्या बाजूला जा, क्रू पिशवी देईल, लाजू नका.

जेवणाचं. पोहणं आधी, जेवण नंतर, असा क्रम असलेली ट्रिप बघा. जेवून लगेच पोहलं की पेटके येऊन माणूस बुडतो असं लहानपणापासून ऐकलेलं असतं, तसा पुरावा काही मिळालेला नाही. पण तुडुंब पोट, हलणारी बोट आणि तोंडात नळी हे एकत्र आलं की उलटी होते, आणि पाण्यात तोंड खाली असताना झालेली उलटी फार वाईट, ते मी बघितलंय. जेवणानंतरचा थांबा असेलच तर अर्धंच जेवा, तासभर सावलीत बसा. खरा धोका जेवणाचा नाहीच, दारूचा आहे. जेवणाबरोबर दोन बिअर घेऊन "चल, अजून एक डुबकी" म्हणणाऱ्यांना मी शिडीवर हात आडवा लावून अडवलंय, भांडणं झाली आहेत, आणि पुन्हा तसंच करेन. शाकाहारी असाल तर बुकिंगलाच सांगा आणि आदल्या दिवशी परत एकदा आठवण करा, समुद्रात गेल्यावर वेगळं काही बनत नाही. गरम जेवण वाफाळतं हवं आणि थंड पदार्थ बर्फात. सकाळपासून उन्हात झाकून ठेवलेला कोमट भात आणि कापलेली फळं मी सोडून देते, केळं खाते आणि बिस्किटं. पाणी मात्र सतत पीत राहा, वाऱ्यात घाम कळत नाही.

ऊन पाण्याखालीही लागतं. अर्ध्या मीटर खोलीवरसुद्धा पृष्ठभागाच्या ४० टक्के अतिनील किरणं पोचतात, म्हणून स्नॉर्केल करणाऱ्यांची पाठ आणि पोटऱ्या भाजतात. पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टी-शर्ट आणि लेगिंग घाला, सुती कपडे नकोत, भिजले की जड होऊन हातपाय मारायला अडवतात. सनस्क्रीन घेताना ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट नसलेलं घ्या, प्रवाळाच्या काळजीपोटी हवाईने या दोन्ही घटकांच्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आणली, पॅसिफिकमधल्या पलाऊ देशाने त्याच्या आधीच, २०२० पासून. अंगठ्या हॉटेलवर ठेवा, गार पाण्यात बोटं बारीक होतात आणि अंगठी कधी गेली ते कळत नाही.

हवामान स्वतः बघा. वाऱ्याचा वेग दाखवणारी ॲप असतात, त्यात १० नॉटपर्यंत तुमच्यासारख्या घरासाठी छान. ११ ते १६ नॉट म्हणजे लाटांवर ठिकठिकाणी पांढरा फेस, बोट जाते पण बोट लागणाऱ्याला जड जातं. त्यावर असेल तर दिवस बदला. आणि सकाळचं शांत पाणी बघून निश्चिंत होऊ नका, दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो, त्यामुळे परतीचा प्रवास जवळजवळ नेहमीच जास्त हलतो. ५ जुलै २०१८ ला थायलंडमधल्या फुकेतजवळ स्नॉर्केलिंगहून परतणारी मोठी टुरिस्ट बोट वादळात उलटली आणि ४७ माणसं गेली, खराब हवामानाचा इशारा तेव्हा आधीच दिलेला होता. कॅप्टनने सकाळी ट्रिप रद्द केली तर त्याच्याशी वाद घालू नका, बुकिंगलाच विचारून ठेवा की हवेमुळे रद्द झालं तर पैसे परत मिळतात की तारीख बदलून. शेवटचा स्विमिंग स्टॉप त्याने गाळला तरी तेच. बरेच कॅप्टन गेस्टच्या आग्रहापुढे नमतात, तुम्ही आग्रह करणाऱ्यांत नसा.

परतताना मुलीला पूर्ण कोरडे कपडे घाला, ओल्या अंगाने वाऱ्यात तासभर बसून मुलं गारठतात. आणि जेट्टीला लागलात की घाईने उठू नका. दिवसभर पाय हलत्या डेकवर असतात, फळी ओली असते, हातात पिशव्या असतात, इतकी वर्षं मी सगळ्यात जास्त पडापडी याच शेवटच्या दोन पावलांत बघितलीय. पिशव्या आधी पलीकडे देऊन टाका. सासूबाईंना उतरवताना मिस्टरांनी नाही, खलाशाने धरू दे, त्याचे पाय बोटीबरोबर हलायला सरावलेले असतात, तुमचे आमचे नसतात. त्यांनी त्याचं मनगट धरायचं, बोटं नाही, त्यानेही त्यांचं मनगट धरायचं, आणि बोट वर आली की त्याच क्षणी पाऊल टाकायचं. एक लाट चुकली तर पुढची येते, थांबायचं.